तुळई आणि स्तंभ यांच्यातील कर्तन-जोड : प्रस्तावना

पोलादी सांगाड्यात भाराचा जमिनीपर्यंतचा मार्ग आखलेला असतो. मजल्याचा भार दुय्यम तुळया उचलतात, त्या तो मुख्य तुळयांच्या स्वाधीन करतात, मुख्य तुळया स्तंभांवर टेकतात आणि स्तंभ तो पायापर्यंत नेतात. या मार्गावर जिथे जिथे भार एका अवयवातून दुसऱ्यात जातो, तिथे एक जोड असतो. अभियंत्याच्या गणितवहीत तुळयांना आणि स्तंभांना पानेच्या पाने मिळतात. जोडाच्या वाट्याला मात्र अनेकदा नकाशाच्या कोपऱ्यातली एक ओळ येते, आणि ‘मान्य पद्धतीने जोड द्यावा’ अशा त्या ओळीच्या आधारे पुढचे सारे फॅब्रिकेशनच्या कारखान्यात ठरते. जे जोड तुळईचे टोक स्तंभाला केवळ टेकवून ठेवण्यासाठी असतात आणि ज्यांना कर्तन-जोड म्हणतात, त्यांच्या बाबतीत ही उपेक्षा सर्वाधिक होते, कारण ते दिसायला साधे असतात. प्रस्तुत पुस्तक याच साध्या दिसणाऱ्या जोडांविषयी आहे.

कर्तन म्हणजे तुळईच्या शेजारशेजारच्या दोन उभ्या छेदांना एकमेकांवरून घसरवू पाहणारे बल. समान पसरलेल्या भाराखाली ते तुळईच्या टोकाशी सर्वाधिक असते, कारण तिच्यावरच्या भाराचा अर्धा हिस्सा त्या टोकातून स्तंभाकडे जात असतो. आघूर्ण म्हणजे बल आणि अंतर यांच्या गुणाकाराने मोजली जाणारी, अवयवाला वाकवू किंवा फिरवू पाहणारी क्रिया. दोन्ही टोकांना टेकलेली तुळई भाराखाली मध्यभागी झुकते, त्याबरोबर तिची टोके किंचित फिरतात, आणि ती फिरण्यास मोकळी असतील तर टोकाशी आघूर्ण उत्पन्न होत नाही. कर्तन-जोडाकडून म्हणून दोन परस्परविरुद्ध वाटणाऱ्या अपेक्षा असतात : उभ्या बलासाठी तो निःसंशय मजबूत असावा आणि टोक फिरू लागले की त्याने वाट द्यावी. पहिली अपेक्षा प्रत्येक कारागिराला आपोआप कळते. दुसरी समजावून द्यावी लागते, कारण जोड जितका ताठ तितका चांगला ही समजूत कारखान्यात आणि कार्यालयातही खोलवर रुजलेली आहे. जोडाने कुठे मजबूत असावे आणि कुठे नमते घ्यावे, हे दोन्ही अभियंत्याने मोजून ठरवायचे आणि नकाशावर लिहायचे असते, ही या पुस्तकामागची भूमिका आहे.

हे फिरणे किती असते, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल, आणि हेच उदाहरण पुढे जोडाच्या हिशेबासाठीही वापरले आहे. आय.एस.एम.बी. ४०० ही ४०० मि.मी. खोलीची, ८.९ मि.मी. जाडीच्या वेबची तुळई घेतली, तिची लांबी ६ मीटर धरली आणि वरच्या काँक्रीटच्या लादीमुळे तिचा वरचा फ्लँज बाजूला सरकू शकत नाही असे मानले. वेब म्हणजे तुळईची उभी पातळ पट्टी आणि फ्लँज म्हणजे वरची व खालची आडवी जाड पट्टी. २५० मेगापास्कल नमनबिंदूच्या नेहमीच्या पोलादात या तुळईची नमनक्षमता सुमारे २६७ किलोन्यूटन-मीटर भरते, म्हणजे सुरक्षा-गुणकांसह वाढवलेला सुमारे ५९ किलोन्यूटन प्रति मीटर इतका भार ती पेलू शकते आणि प्रत्येक टोकाशी १७८ किलोन्यूटन प्रतिक्रिया येते. रोजच्या वापरातला भार याच्या दोन-तृतीयांश धरला, तर तुळईचे टोक साधारण अर्धा अंश फिरते. हा कोन नगण्य वाटतो, पण तुळईच्या ४०० मि.मी. खोलीत त्याचा अर्थ असा की, खालची कड जागच्या जागी राहिली तर वरची कड स्तंभापासून सुमारे साडेतीन मि.मी. दूर जाऊ पाहते. साडेतीन मि.मी.ची ही हालचाल कोणत्या तरी तुकड्याच्या वाकण्यातून, भोकाच्या थोड्या लांबण्यातून किंवा बोल्टच्या सरकण्यातून व्हावीच लागते. तशी सोय नसेल तर ती तडा जाण्यातून होते.

या विषयाची निकड सांगली परिसरात विशेष जाणवते, आणि ही प्रस्तावना विश्रामबागेतून लिहिली जात असल्याने त्या परिसराचा संदर्भ अप्रस्तुत ठरणार नाही. १९४७ मध्ये धोंडूमामा साठे यांनी येथे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले तेव्हा त्यात स्थापत्य ही एकच पदवी-शाखा होती. पुढे १९५५ मध्ये शेठ वालचंद हिराचंद यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या न्यासाकडे त्याची सूत्रे आली आणि ते वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. बांधकाम, जहाजबांधणी आणि साखर ही वालचंदांच्या उद्योगांची क्षेत्रे होती, आणि तिन्हींमध्ये पोलादाचे जोड हा रोजचा विषय आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीपासून ते कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत लोखंडकामाची एक अखंड परंपरा या जिल्ह्यात आहे. वसंतदादा पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला शेतकरी सहकारी साखर कारखाना आणि कृष्णा-वारणाकाठचे इतर कारखाने यांनी या परंपरेला मोठे काम पुरवले आहे.

साखर कारखान्याची पॅनची माडी ही कर्तन-जोड शिकण्याची उत्तम जागा आहे. तिथे रस आटवून त्यात साखरेचे कण वाढवणारी निर्वात पात्रे उंचावर बसवलेली असतात, जेणेकरून तयार झालेली राब स्वतःच्या वजनाने खालच्या क्रिस्टलायझरमध्ये उतरावी. भरलेल्या पात्राचे वजन मोजक्या आधारांवर एकवटते, आधार तुळयांवर असतात आणि तुळया बहुधा अँगलच्या तुकड्यांनी स्तंभांना जोडलेल्या असतात. पात्र भरते आणि रिकामे होते, हंगामभर हेच चक्र चालते, वाफ आणि गोड ओलावा यांनी जोडाच्या फटी दमट राहतात, आणि दोन हंगामांच्या मध्ये कुणीतरी नवी पाइपलाइन नेण्यासाठी तुळईचा फ्लँज कापतो. कागदावरची गृहीतके आणि प्रत्यक्ष वापर यांच्यातील अंतर इतके उघड दिसावे अशी दुसरी जागा या भागात शोधून सापडणार नाही.

या जोडांचा इतिहास पोलादापेक्षा जुना आहे. मुंबईत काळा घोडा भागात आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखले जाणारे वॉटसन्स हॉटेल १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला होता आणि येथे फक्त जुळवला होता. सुट्या भागांची इमारत समुद्रापार उभी करायची, तर जोड आधीच ठरलेला आणि भोकाला भोक जुळणारा असावाच लागतो. आराखडा आणि जुळणी यांच्यात त्यामुळे एक काटेकोर करार निर्माण होतो. ओतीव लोखंडाच्या काळात तुळईला टेकण्यासाठी स्तंभाच्या अंगालाच ओतून बैठक काढण्याची रीत होती. ओतीव लोखंड दाब चांगला सोसते, ताणात मात्र इशारा न देता तुटते, त्यामुळे फिरणाऱ्या टोकाला वाट देणे त्या बैठकांच्या स्वभावात नव्हते.

पोलाद आले, त्याबरोबर तापवून ठोकायचे रिव्हेट आणि अँगलचे क्लीट आले. क्लीट म्हणजे काटकोनी अँगलचा छोटा तुकडा, ज्याचा एक पाय तुळईला आणि दुसरा स्तंभाला जोडला जातो. अशा जोडांना अभियंते बिनदिक्कत बिजागरी मानत आणि टोकाशी शून्य आघूर्ण धरून तुळयांचे हिशेब करत. ब्रिटनमध्ये १९२९ साली पोलादी बांधकामाच्या संशोधनासाठी समिती नेमली गेली आणि जॉन बेकर यांच्या तांत्रिक मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष उभ्या राहत असलेल्या इमारतींत मोजमापे झाली, तेव्हा या समजुतीला धक्का बसला : क्लीटचे रिव्हेट-जोड बरेच आघूर्ण स्तंभांकडे पाठवत होते, आणि तुळया व स्तंभ यांच्यातील प्रतिबले गणितातल्या प्रतिबलांशी जुळत नव्हती. त्याच १९२९ साली सांगलीत कृष्णेवर दगडी कमानींचा आयर्विन पूल वाहतुकीस खुला झाला. दगडी कमानीत भार दाबानेच वाहतो आणि दगडाचा दगडावरचा दाब हाच तिथला जोड असतो. पोलादाने मोठे गाळे आणि हलके सांगाडे दिले, पण त्याबरोबर हजारो सुटे जोड दिले आणि प्रत्येक जोडाची वागणूक स्वतंत्रपणे जाणून घेण्याची जबाबदारीही दिली. या समितीच्या अनुभवातून बेकर सुघट्य विश्लेषणाकडे, म्हणजे पोलाद नमल्यानंतरही सांगाड्यात किती ताकद शिल्लक राहते या विचाराकडे वळले.

भारतात पोलादी बांधकामाची आय.एस. ८०० ही मानक संहिता प्रथम १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली, १९६२ आणि १९८४ मध्ये सुधारली गेली, आणि २००७ च्या आवृत्तीने मर्यादा-अवस्था पद्धत स्वीकारली. या पद्धतीत भार आणि सामग्री दोहोंना वेगवेगळे सुरक्षा-गुणक लावून, अवयव निकामी होण्याच्या प्रत्येक प्रकाराची स्वतंत्र तपासणी करतात. जोडांच्या अभ्यासाला ही पद्धत अनुकूल आहे, कारण जोड एकाच रीतीने निकामी होत नाही. बोल्ट कापला जातो, भोकाची कड चिरडते, प्लेट भोकांच्या ओळीत फाटते, वेबचा एक ठोकळाच कर्तन आणि ताण मिळून निघून येतो, वेल्ड उसवते. यांपैकी सर्वांत दुबळी कडी शोधणे म्हणजेच जोडाचा आराखडा. तुळईच्या नमनक्षमतेसाठी संहिता १.१० चा भाजक सांगते. बोल्टांसाठी तो १.२५ आहे, आणि वेल्डसाठी कारखान्यात १.२५ व जागेवर १.५० आहे. जागेवरच्या वेल्डला दिलेला हा वाढीव भाजक म्हणजे परांचीवर बसून, वाऱ्यात आणि डोक्यावरच्या स्थितीत केलेल्या कामाविषयी संहितेने लेखी नोंदवलेली सावधगिरी आहे.

प्रचारात असलेले कर्तन-जोड चार कुळांत मोडतात. दुहेरी क्लीटमध्ये वेबच्या दोन्ही बाजूंना एकेक अँगल बसतो, त्यामुळे वेबमधला बोल्ट दोन पातळ्यांवर कापला जावा लागतो आणि त्याची कर्तनक्षमता दुप्पट होते. स्तंभाकडे जाणारे अँगलचे पाय थोडे वाकून टोकाला फिरू देतात. फिन-प्लेटमध्ये स्तंभाला कारखान्यातच एक उभी प्लेट वेल्ड केलेली असते आणि तुळईचा वेब तिला एका बाजूने बोल्टने जोडतात. उभारणीला हा सर्वांत सोपा जोड आहे, परंतु येथे फिरण्याची वाट मुख्यत्वे भोकांच्या लांबण्यातून मिळते, म्हणून प्लेट बोल्टच्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नसावी असा ब्रिटिश प्रघात आहे. एम २० बोल्टसाठी १० मि.मी. ही मर्यादा होते, आणि ‘जरा जाड घालू, मजबुती वाढेल’ म्हणून १६ मि.मी.ची प्लेट घालणारा माणूस जोडाचा स्वभावच बदलून टाकतो. टोक-प्लेटच्या जोडात तुळईच्या टोकाला पातळ प्लेट फक्त वेबपुरती वेल्ड करतात. तीच प्लेट फ्लँजपर्यंत नेऊन त्यांनाही वेल्ड केली, की जोड आघूर्ण वाहू लागतो. बैठकीच्या जोडात तुळई खालच्या अँगलवर टेकते आणि वरचा छोटा अँगल तिला आडवी पडू न देण्यापुरता असतो. येथे बैठकीच्या वरच्या भागात वेब चेपण्याची तपासणी चुकवून चालत नाही.

दुहेरी क्लीटचा हिशेब जवळून पाहिला की या विषयातले मर्म हाती लागते. वरच्या उदाहरणातली १७८ किलोन्यूटनची प्रतिक्रिया घेऊ. क्लीट ९० × ९० × ८ मि.मी. अँगलचे आणि बोल्ट ४.६ प्रतीचे एम २० आहेत. त्यांच्यासाठी २२ मि.मी.ची भोके, भोकांमधले उभे अंतर ६० मि.मी. आणि कडेचे अंतर ४० मि.मी. ठेवले आहे. आटे कर्तनाच्या पातळीत आहेत असे धरून एका पातळीवर या बोल्टची क्षमता ४५.३ किलोन्यूटन आणि दोन पातळ्यांवर ९०.५ किलोन्यूटन येते. वेबच्या ८.९ मि.मी. जाडीवर भोकाची कड चिरडण्याची क्षमता मात्र ८६.३ किलोन्यूटन आहे, म्हणजे बोल्ट कापला जाण्याआधी वेब चिरडेल आणि ८६.३ हाच आकडा निर्णायक ठरेल. प्रतिक्रियेला या आकड्याने भागले की दोनाहून थोडे अधिक उत्तर येते. तीन बोल्ट दिले की क्षमता २५९ किलोन्यूटन होते आणि हिशेब संपला असे वाटते. अनेक गणितवह्यांत तो येथेच संपतो.

परंतु बोल्टांची ओळ स्तंभाच्या तोंडापासून ५० मि.मी. दूर आहे. बिजागरी स्तंभाच्या तोंडाशी मानली, तर प्रतिक्रिया आणि बोल्टांची ओळ यांच्यातील या अंतरामुळे, म्हणजे उत्केंद्रत्वामुळे, बोल्टांच्या गटावर ८.९ किलोन्यूटन-मीटरचे आघूर्ण येते. तीन बोल्टांच्या गटात मधला बोल्ट गटाच्या केंद्रावरच असतो, म्हणून त्याची या आघूर्णाविरुद्ध काहीच मदत होत नाही. वरचा आणि खालचा बोल्ट मिळून ते पेलतात आणि प्रत्येकावर ७४.२ किलोन्यूटनचे आडवे बल येते. उभ्या भाराचा वाटा प्रत्येकी ५९.३ किलोन्यूटन आहे. दोन्हींचे संयुक्त बल ९५ किलोन्यूटन भरते, आणि ८६.३ च्या क्षमतेपुढे जोड नापास होतो. आता बोल्ट चार केले, तर उभा वाटा ४४.५ वर येतो, टोकाच्या बोल्टांचे केंद्रापासूनचे अंतर वाढल्याने आडवे बलही ४४.५ वर उतरते, आणि संयुक्त बल ६३ किलोन्यूटनपेक्षा थोडे कमी राहते. एका बोल्टने जोडाची स्थिती नापासावरून निवांत पासावर नेली. क्लीटची लांबी २६० मि.मी. होते, जी तुळईच्या खोलीच्या सहा-दशांशांहून अधिक असल्याने टोक पिळले जाण्यालाही आवर बसतो. स्तंभाच्या बाजूला बोल्ट एकाच पातळीवर कापले जातात, तरी तिथे आता ते आठ असल्याने केवळ उभ्या भारासाठी ३६२ किलोन्यूटन क्षमता हाती राहते.

अमेरिकेत एका उभ्या ओळीतल्या बोल्टांच्या दुहेरी क्लीटसाठी हे उत्केंद्रत्व हिशेबात न घेण्याचा जुना प्रघात आहे आणि तो चाचण्यांच्या व अनुभवाच्या आधारावर टिकला आहे. तो चुकीचा नाही, मात्र तो संपूर्ण पद्धतीचा भाग म्हणून घ्यावा लागतो. बिजागरी कुठे आहे हे एकदा ठरवले की त्याचे परिणाम सर्वत्र सारखेपणाने पाळायचे असतात. ती स्तंभाच्या तोंडाशी मानली, तर वेबमधल्या बोल्टांना उत्केंद्रत्व सोसावे लागते, आणि २५० मि.मी. खोलीच्या आय.एस.एच.बी. स्तंभाच्या मध्यापासून १२५ मि.मी. अंतरामुळे स्तंभावर सुमारे २२ किलोन्यूटन-मीटर आघूर्ण येते. ती बोल्टांच्या ओळीत मानली, तर वेबमधले बोल्ट केवळ उभ्या भाराचे होतात, पण स्तंभावरचे आघूर्ण ३१ पर्यंत वाढते आणि स्तंभाच्या तोंडावरच्या बोल्टांनाही ताण सोसावा लागतो. तुळईच्या हिशेबात एक जागा आणि स्तंभाच्या हिशेबात दुसरी जागा सोयीने घेतली, की ५० मि.मी.चे उत्केंद्रत्व कागदावरून नाहीसे होते. इमारतीतून ते कुठेही जात नाही. एकाच इमारतीची तुळई एकाने, स्तंभ दुसऱ्याने आणि जोड तिसऱ्याने करण्याच्या आजच्या रीतीत ही गफलत सहज घडते, आणि म्हणून या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाच्या आरंभी बिजागरीची जागा लिहिण्याचा नियम पाळला आहे.

याहून गंभीर विसंगती जागेवर निर्माण होते. नकाशात बोल्टचा क्लीट असतो, भोके जुळत नाहीत, मग गॅस-कटरने भोक वाढवले जाते किंवा बोल्ट सोडून क्लीटला आणि शेवटी तुळईच्या फ्लँजलाही चहूबाजूंनी वेल्ड मारले जाते. हे करणाऱ्याचा हेतू प्रामाणिक असतो. काम पक्के व्हावे असेच त्याला वाटत असते. परंतु टोक खरोखर ताठ झाले आणि स्तंभही हलला नाही, तर वरच्या उदाहरणातल्या तुळईच्या टोकाशी पूर्ण भाराखाली १७८ किलोन्यूटन-मीटरपर्यंत आघूर्ण उभे राहू शकते, आणि ज्या स्तंभाला २२ किंवा ३१ साठी तपासले होते त्याला त्यातला मोठा वाटा उचलावा लागतो. प्रत्यक्षात स्तंभ थोडा वाकतो आणि आकडा कमी होतो, पण तो किती कमी होईल हे कुणीच पाहिलेले नसते. दरम्यान ते घाईचे वेल्ड, जे कोणत्याही बलासाठी मोजलेले नव्हते, सर्वांत आधी ताणाला सामोरे जाते. भोक चुकले तर काय करायचे, याचे उत्तर म्हणूनच नकाशासोबत द्यायला हवे : नवा क्लीट, नव्या जागी ड्रिल केलेली भोके आणि अभियंत्याची लेखी संमती.

जोडात केलेला लहानसा बदल किती दूर जातो, याचे जगातले सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलचे आहे. तो कर्तन-जोड नव्हता, टांगलेल्या पादचारी पुलांचा जोड होता, तरी धडा तोच आहे. मूळ कल्पनेत चौथ्या मजल्याच्या पुलातून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याचा पूल उचलणारी एकसंध सळई होती. बांधणीच्या सोयीसाठी तिच्या जागी दोन स्वतंत्र सळया आल्या, आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या पेटी-तुळईला टांगला गेला. त्यामुळे वरच्या तुळईखालच्या नटवर एकाऐवजी दोन पुलांचा भार आला. १७ जुलै १९८१ रोजी नट तुळई फाडून बाहेर पडले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ जोडही स्थानिक संहितेच्या अपेक्षेला उतरत नव्हता, असे चौकशीत आढळले. बदललेल्या जोडाचा हिशेब तर झालाच नव्हता. जोड कारखान्याने ठरवायचा की अभियंत्याने, हा प्रश्न त्या प्रकरणात कायद्यापुढे गेला आणि उत्तर निःसंदिग्ध आले : जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले.

महाराष्ट्रात या विषयाच्या अध्यापनाला अलीकडे एक मोलाचे साधन मिळाले आहे. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या प्रकल्पातून ओस्डॅग ही पोलादी आराखड्याची आज्ञावली विकसित झाली. ती आय.एस. ८०० च्या २००७ च्या आवृत्तीवर आधारलेली आहे, कुणालाही विनामूल्य वापरता येते, आणि तिच्या विकासाचा आरंभ कर्तन-जोडांपासूनच झाला. फिन-प्लेट, क्लीट, टोक-प्लेट आणि बैठक या चारही कुळांचे हिशेब ती करते आणि जोडाचे त्रिमितीय चित्रही दाखवते. ज्या महाविद्यालयांना महागडी परदेशी आज्ञावली परवडत नाही त्यांच्यासाठी ही सोय मोठी आहे, आणि तिच्या निर्मात्यांचे ऋण मानले पाहिजे. मात्र आज्ञावली बिजागरीच्या जागेचे एक गृहीतक स्वीकारून पुढे जाते. विद्यार्थ्याने वर दिलेला तीन आणि चार बोल्टांचा हिशेब आधी हाताने करावा आणि मग यंत्राच्या उत्तराशी ताडून पाहावा, असा या पुस्तकाचा आग्रह आहे.

उभारणीचा विचार स्वतंत्र प्रकरणात केला आहे, कारण काही जोड कागदावर निर्दोष असूनही माणसांसाठी धोकादायक असतात. स्तंभाच्या वेबच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर तुळया येतात आणि दोघींचे क्लीट त्याच बोल्टांनी जोडलेले असतात, तेव्हा पहिली तुळई बसवून झाल्यावर दुसरीसाठी ते बोल्ट पुन्हा काढावे लागतात. त्या काही मिनिटांत पहिली तुळई एखाद्या बोल्टवर किंवा केवळ पान्याच्या टोकावर तोललेली असते आणि तिच्यावर माणूस बसलेला असतो. खाली तात्पुरत्या बैठकीचा अँगल दिला, किंवा एका क्लीटला एक बोल्ट जास्त देऊन तो दुसऱ्या बाजूपासून स्वतंत्र ठेवला, की हा धोका टळतो. खर्च किरकोळ असतो, पण तो आराखड्याच्या टेबलावर सुचावा लागतो. तुळईचे टोक आणि स्तंभ यांच्यात ठेवायची सुमारे १० मि.मी.ची फटही अशीच दुहेरी उपयोगाची आहे : लांबीतली लहानमोठी चूक ती सामावून घेते, आणि टोक फिरताना खालचा फ्लँज स्तंभावर आदळू देत नाही. तो आदळला, तर फिरण्याचा बिंदू खाली सरकतो आणि वरच्या बोल्टांवर नको असलेला ताण येतो.

कृष्णेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत सांगलीच्या सखल भागांतील अनेक शेड आणि गोदामे पाण्यात उभी राहिली. अँगल आणि वेब यांच्या पाठीला पाठ लागलेल्या फटीत शिरलेला गाळ धुऊन काढता येत नाही आणि रंगाचा हातही तिथे पोहोचत नाही. पूर ओसरल्यावर तुळई-स्तंभ रंगवले जातात, जोड मात्र आतून गंजत राहतो. पुराच्या रेषेखालच्या जोडांसाठी वेल्ड केलेली फिन-प्लेट अधिक योग्य ठरते का, आणि तिथे क्लीटच द्यायचे झाल्यास फट कशी बंद करावी, याची चर्चा टिकाऊपणाच्या प्रकरणात केली आहे.

पुस्तकाची मर्यादाही येथेच नोंदवणे योग्य होईल. कर्तन-जोडांचा सांगाडा आडव्या बलांना स्वतःहून विरोध करत नाही. वारा आणि भूकंप यांच्यासाठी तिरके ब्रेसिंग, काँक्रीटच्या भिंती किंवा काही गाळ्यांत आघूर्ण वाहणारे ताठ जोड यांची स्वतंत्र योजना लागते. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या प्रदेशाने अनुभवला आहे, तिथे या योजनेची आठवण वेगळी करून द्यावी लागू नये, तरीही बोल्टच्या क्लीटवर उभ्या केलेल्या आणि ब्रेसिंग ‘दरवाजाला आड येते’ म्हणून काढून टाकलेल्या शेड या भागात आढळतात. ताठ आणि अर्ध-ताठ जोडांचा आराखडा हा मोठा विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही. संहितेच्या परिशिष्टात अर्ध-ताठ जोडांचे जे वर्गीकरण आहे, त्याचा फक्त परिचय शेवटच्या प्रकरणात करून दिला आहे.

पुस्तक पदविका आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, तितकेच ते कारखान्यातील पर्यवेक्षकांसाठी आहे. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या अखेरीस कारखान्यात पाठवायच्या नकाशाचा एक नमुना जोडला आहे, आणि त्यावर टोकाची प्रतिक्रिया किलोन्यूटनमध्ये, बोल्टची प्रत आणि व्यास, भोकाचा व्यास, कडेचे अंतर, वेल्डचा आकार व लांबी, आणि कोणती कड वेल्ड करायची नाही, हे सर्व लिहिलेले आहे. यांपैकी शेवटची नोंद नकाशांवर क्वचितच आढळते, आणि नमुन्यांत ती मुद्दाम ठळक अक्षरांत छापली आहे.

विश्रामबाग, सांगली